अंगठा हलव, दत्तू

दत्तू, तू गेलास तेव्हा गावाला पहिला प्रश्न पडला तो असा, की आता जत्रेत मरणार कोण?

वाईट वाटून घेऊ नकोस. माणसं रडलीसुद्धा. पण तुला सावडून परत येताना पारावर जी चर्चा झाली ती हीच. जत्रा तोंडावर आलेली आणि किल्लेदार खरोखरच गेलेला. कुणी म्हणालं, यंदा खेळ बंद ठेवा. कुणी म्हणालं, बंद ठेवला तर दत्तूचा आत्मा तळतळेल. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चप्पल शोधत होतो. तुला माहीतच आहे, अडचणीच्या वेळी माझी चप्पल नेमकी सापडत नाही.

बाहेरगावच्या माणसाला आपला नाद समजावून सांगताना तू अडखळायचास, म्हणून ते काम माझ्याकडे असायचं. एक मांडववाला, एक दूधवाला आणि एक वेल्डर, असे आपण तिघं जुन्या काळची हत्यारं आणि चिलखतं घडवतो आणि जत्रेत काष्टीच्या बाजारतळावर लढाई करून दाखवतो, असं मी सांगायचो. मांडव तुझा, दूध संकलन केंद्र माझं. युनूसभाईंनी ट्रकच्या कमानपाट्यांतून तलवारी काढल्या, जाड पत्र्याच्या ढाली ठोकल्या, पण धार एकाही पात्याला लावली नाही. धार लावली की खेळ राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. गोष्ट दरवर्षी एकच. मोगलांचा वेढा पडलाय, भुईकोट किल्ल्याचं दार फुटलंय, आणि दारात किल्लेदार एकटा उभा आहे. किल्लेदार तू, मोगल सरदार मी, आणि माझं सगळं सैन्य म्हणजे युनूसभाई. शेवटी किल्लेदार पडतो आणि खेळ संपतो.

पडतो हा शब्द तुझ्यासाठी फारच तोकडा होता. तू एका वारात कधी मेलाच नाहीस. माझी तलवार लागली की आधी ढाल गळायची. मग एक गुडघा टेकायचा. मग तू किल्ल्याकडे, म्हणजे ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीकडे, डोळे भरून बघायचास. मग आडवा व्हायचास. बायका पदर डोळ्याला लावायच्या. मी विजयाची तलवार उंचावणार तोच तू पुन्हा उठून बसायचास, कारण मातीला वंदन करायचं राहिलेलं असायचं. एका वर्षी तुझं मरण इतकं लांबलं की आपल्यानंतर ज्यांचा कार्यक्रम होता त्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी मागं ढोलकी लावायला घेतली, आणि तू त्या ठेक्यावर शेवटचे आचके दिलेस. लोकांनी वन्स मोअर मागितला. तू दिलास.

जिंकायचो मी आणि हार पडायचे तुझ्या गळ्यात. मला फक्त शेंगांची टरफलं. कोंडाबाई तर जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची किटली घेऊन केंद्रावर आल्या आणि माझ्यापुढं उभ्या राहून म्हणाल्या, "त्यानं तुझं काय वाकडं केलं हुतं रं?" तू तेव्हा माझ्या शेजारीच बाकावर बसून बशीतून चहा पीत होतास. कोंडाबाईंनी तुझी विचारपूस केली, तलवार कुठं लागली, दुखतंय का, हळद लावली का, सगळं विचारलं, आणि मग माझ्याकडं न बघता दूध दुसऱ्या केंद्रावर घेऊन गेल्या. समोर धडधाकट बसलेला माणूस बघूनही त्यांचा माझ्यावरचा राग गेला नाही. पुढं जत्रा आली की मी त्यांचं दूध गेलंच असं धरून चालायचो.

मी वैतागून म्हणायचो, एकदा मला किल्लेदार होऊ दे, मलाही हार घालून बघू दे. तू लगेच तयार. नाही म्हणणं तुझ्या स्वभावात नव्हतं, तोंडघशी पाडणं होतं. तुझ्या गोदामात, पातेल्यांच्या उतरंडी आणि सतरंज्यांच्या गठ्ठ्यांमध्ये तू मला पडायला उभं केलंस. युनूसभाईंनी वार केला. मी खाली बघितलं, पायानं जमीन जरा साफ केली, लेंगा वर ओढला, एक हात टेकला, मग कोपर टेकलं, आणि पंगतीला बसल्यासारखा खाली बसून मग आडवा झालो. तू कपाळाला हात लावलास. विलास म्हणणं तुझ्या जिभेला कधी जमलं नाही.

"इलास, मरनारा मानूस जागा झाडून घेतो व्हय?"

मी म्हणालो, गोदामात खिळे पडलेले असतात. तू म्हणालास, रणांगणात काय गाद्या असतात? आणि मग ते वाक्य, जे तू पुढं आयुष्यभर मला ऐकवलंस: "जिताया काय, कुनीबी जितंल. मराया अक्कल लागती." मी म्हणायचो, खरी जोखीम मारणाऱ्याची असते. नेमका वार, नेमका हात, लागलं असं दिसलं पाहिजे आणि लागता कामा नये. तू तर नुसता पडतोस. तू म्हणायचास, नुसता पडून दाखव मग. हा वाद आपण चहावर केला, लग्नाच्या मांडवात केला, तुझ्या टेम्पोत केला. एकदा मयताला गेलो होतो तिथंही दबक्या आवाजात केला. त्याचा निकाल लावल्याशिवाय तू निघून गेलास, ही मात्र तू माझ्याशी केलेली लबाडी आहे.

तुझं चिलखताचं वेड हा वेगळाच विषय. पहिलं चिलखत तू कशाचं केलंस ते गावात अजून निघतं. चिलखत म्हणजे लोखंडी कड्यांचं विणकाम, आणि तयार कड्या तुझ्या गोदामात मिळाल्या त्या कनातींच्या. तू त्या काढून घेतल्यास, चिलखत विणायला बसलास आणि काढल्याचं साफ विसरून गेलास. मग श्रीगोंद्याकडच्या लग्नात तुझ्या माणसांनी सुतळीवर कनात कशीबशी टांगली, आणि ऐन मुहूर्ताच्या आधी ती सगळीच्या सगळी खाली बसली. मागं नवरदेव एक पाय विजारीत घालून उभा. बँडवाल्यांना वाटलं नवरदेव निघाला, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. वऱ्हाडातली पोक्त माणसं तुझ्यावर धावून आली तेव्हा तू कमरेवर हात ठेवून गंभीरपणे म्हणालास, वारं लई हाय. झाडाचं पान हलत नव्हतं. त्या लग्नाला मी मुलाकडून आलेला पाहुणा होतो, मला हसताही येत नव्हतं.

त्यानंतर युनूसभाईंनी तुला तारेच्या कड्या पाडून दिल्या आणि तू दोन पकडी घेऊन खऱ्या चिलखताला बसलास. लोक बोलता बोलता तंबाखू मळतात, तू कड्या जोडायचास. दहाव्याला, साखरपुड्याला, सोसायटीच्या मीटिंगला. पावसाळ्यात चिलखत गंजलं तेव्हा कुणाच्या तरी स्लॅबवरचा मिक्सर रिकामा गाठून तू त्यात वाळू आणि चिलखत घालून फिरवलंस. गंज गेला खरा, पण त्या घराच्या स्लॅबमध्ये अजून तुझ्या चारदोन कड्या असतील.

आणि श्रीरामपूरची एसटी! तिकडच्या एका मंडळानं खेळ ठरवला होता आणि नगरमध्ये तुझा टेम्पो बंद पडला. सामान उचलून आपण एसटी पकडली. पोत्यात ओढण्यापेक्षा अंगात हलकं लागतं म्हणून तू चिलखत घालूनच चढलास. कंडक्टर म्हणाला, याचं लगेज लागंल. तू म्हणालास, अंगातल्या कपड्याला लगेज कसलं? कंडक्टर म्हणाला, हा कपडा न्हाई, लोखंड हाय. तू त्याला चिलखत हा कपडाच कसा आहे ते पुराव्यानिशी सांगायला लागलास. राहुरीपर्यंत गाडीत दोन तट पडले होते. एक म्हातारेबुवा तुझ्या बाजूनं इतके पेटले की त्यांचा स्टॉप मागं गेला. शेवटी कंडक्टर हरला, पण श्रीरामपूर आलं तेव्हा तुला उठता येईना. सीटची फाटकी स्प्रिंग चिलखतात अडकली होती. सगळी गाडी उतरली आणि तू खिडकीतून माझ्याकडे बघत तसाच आगारात गेलास. त्या दिवशी मोगलांना किल्लेदाराची वाट बघावी लागली.

अंगठ्याचा नियम मात्र हसण्यातून आला नव्हता. सुरुवातीच्या एका वर्षी माझा वार चुकला आणि तलवारीची पाठ तुझ्या शिरस्त्राणावर बसली. तू सरळ आडवा झालास. लोकांनी टाळ्या पिटल्या, मी तलवार उंचावून फेरी मारली. ओळखलं ते युनूसभाईंनी. माझ्या जवळ येऊन पुटपुटले, "दत्तूभाऊ एकदाच पडले. काहीतरी बिघडलंय." तू मातीला वंदन करायला उठला नव्हतास, एवढ्यावरून त्यांनी ओळखलं. तोंडावर पाणी मारल्यावर तू डोळे उघडलेस आणि पहिलं विचारलंस, टाळ्या झाल्या का. त्या दिवशी युनूसभाईंनी दटावून नियम घातला: पडलेल्यानं डाव्या हाताचा अंगठा हलवायचा, आणि तो बघितल्याशिवाय मारणाऱ्यानं पाठ फिरवायची नाही.

तू त्या नियमाचा छळ केलास, दत्तू. मुद्दाम उशीर लावायचास. मी तुझ्या उरावर तलवार रोखून उभा, हजारभर माणसं श्वास रोखून बसलेली, आणि मी दातओठ खात पुटपुटतोय, अंगठा हलव, अरे अंगठा हलव. लोकांना वाटायचं मोगल सरदार मेलेल्यालाही शिव्या देतोय. दरवर्षी वाटायचं, ह्या वेळी खरंच लागलं. आणि मग मातीत तो जाड, पकडीनं घट्टे पडलेला अंगठा हळूच हलायचा. नंतर मी तुला अर्वाच्य बोलायचो. तू नुसता हसायचास. उशीर का करतोस, ते कधी सांगितलं नाहीस.

तो दिवस लिहायचा टाळत होतो. पण तुला तरी तो कोण सांगणार.

दुपार होती. गोदामात तू, मी आणि युनूसभाई. चिलखताची नवी डावी बाही तुझ्या मांडीवर, कोपरापर्यंत आलेली. चहा सांगितलेला. तू म्हणालास, औंदा मी साधं मरनार हाय, एका वारात, लोकांला कळनारबी न्हाई. मी म्हणालो, तुला जमायचं नाही, तुझ्यात ते नाहीच. तू काहीतरी बोलणार होतास. तुझी मान खाली गेली, हनुवटी छातीला टेकली.

मी म्हणालो, हां, हे मागच्या वर्षीपेक्षा बरं आहे. युनूसभाई म्हणाले, मान जरा जास्त वाकडी झाली. आम्ही दोघं परीक्षकासारखे बघत बसलो. मग मी म्हणालो, पुरे आता, अंगठा हलव. मग तुझ्या हातातली पक्कड खाली पडली. पक्कड तू कधीच पाडली नव्हतीस.

डॉक्टर म्हणाले, मान खाली गेली तेव्हाच सगळं संपलं होतं, काही करण्यासारखं नव्हतं. ते खरंच असणार. बाजारतळावर सगळ्या गावाला ताटकळत ठेवणारा माणूस खऱ्या वेळी एक शब्द न बोलता गेला. किल्ल्याकडे बघितलं नाही, मातीला वंदन केलं नाही, सांगितलेल्या चहालाही थांबला नाही. अंगणात तुला तिरडीवर ठेवलं तेव्हा सगळी माणसं तुझ्या तोंडाकडे बघत होती. मी आणि युनूसभाई डाव्या हाताकडे बघत होतो. मंगलवहिनींना ते कळलं. त्या रडत होत्या, तशातच माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, नगा बघू."

त्याच वहिनी परवा केंद्रावर आल्या. रिक्षातून पोतं उतरवलं, पोत्यात तुझं चिलखत. तुझ्या हयातीत त्यांनी ह्या चिलखताशी उभा दावा मांडला होता. ते वाळत घातलं की दोरी तुटायची आणि त्यांची धुणी मातीत जायची. आता त्यांनी ते खोबरेल तेल लावून पुसून आणलं होतं, पोत्याला देवघराचा वास येत होता. त्यांनी विचारलं, औंदा कोण मरणार हाय? मी म्हणालो, विचार चाललाय. त्या म्हणाल्या, विचार कसला, त्यांनी तुमालाच शिकवलं न्हवं? मी म्हणालो, वहिनी, मला पडता येत नाही. त्या म्हणाल्या, ठावं हाय, घरी तुमची नक्कल करून दाखवायचे. पंगतीला बसल्यागत.

म्हणजे तू घरी नक्कल करायचास! जिवंत असतास तर महिनाभर तुझ्याशी बोललो नसतो.

मी अर्धवट बाहीकडे बोट दाखवलं. म्हटलं, युनूसभाई पुरी करून देतील. वहिनी म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या, तेवढंच वजन कमी. मग पदर खोचून निघाल्या, रिक्षात बसता बसता थांबल्या.

"पडा कसंबी. पर ते दार रिकामं नगा ठेवू."

काल जत्रा झाली, दत्तू. दारात मी उभा राहिलो. तुझं चिलखत मला दोन पोती पांघरल्यासारखं झालं होतं, युनूसभाईंनी कमरेला तुझ्याच मांडवाची दोरी बांधली. डावा हात कोपरापासून उघडा. मोगल सरदार झाले युनूसभाई. जन्मभर त्यांनी सैन्याचं काम केलेलं, सरदारकी त्यांना झेपेना. पहिला वार करताना "सांभाळा हं" असं म्हणाले आणि ते माइकवरून साऱ्या बाजारतळानं ऐकलं. लोक हसले. मला तुझ्यापुढं लाज वाटायला लागली. वाटलं, उगाच घेतलं हे अंगावर, ह्यापेक्षा दार रिकामं बरं होतं.

मग शेवटचा वार आला. मी पाण्याच्या टाकीकडे बघायचं ठरवलं होतं, पण तुझं शिरस्त्राण नाकापर्यंत घसरलं आणि मला काहीच दिसेनासं झालं. जमीन दिसली नाही, म्हणून झाडताही आली नाही. तसाच कोसळलो, भिंत पडावी तसा. कसलं वंदन नाही, गुडघा नाही. धडाड आवाज झाला आणि बाजारतळ एकदम गप्प झाला. त्या शांततेत पुढच्या रांगेतून कोंडाबाईंचा आवाज आला, "आता कळलं का?"

आता कळलं, कोंडाबाई.

पडताना शिरस्त्राण निघून गेलं होतं. पाठीखाली मातीत जनावरांच्या बाजाराचा वास. चिलखताचं सगळं ओझं छातीवर आणि तरी आत कुठंतरी एकदम मोकळं वाटलं. दत्तू, तू म्हणायचास ते खरं निघालं. हलायचं नाही, बोलायचं नाही, श्वास दिसू द्यायचा नाही, आणि तरी त्या हजार माणसांना धरून ठेवायचं. मी आयुष्यभर उभा राहून जे केलं ते ह्यापुढं सोपं होतं. घे, वाद तू जिंकलास.

पण तू मला सांगितलं नव्हतंस ते वेगळंच होतं. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी मला युनूसभाई दिसत होते. माझ्यावर वाकलेले, चिकटवलेली मिशी एका बाजूनं सुटलेली. ओठ हलत होते. अंगठा हलवा, विलासभाऊ, अंगठा हलवा. घामानं डबडबलेला, पांढरा पडलेला चेहरा. मागं शेंगदाणेवाला ओरडत होता, माइक शिट्टी मारत होता, आणि त्या माणसाला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. जगात त्याला एकच गोष्ट हवी होती, की मी जिवंत असावा.

दरवर्षी तू खाली पडून हा चेहरा बघायचास. माझा. म्हणून उशीर लावायचास, चोरा.

मला तुझा फार राग आला. आणि मग रडू आलं, ते लोकांना किल्लेदाराचं वाटलं असेल तर वाटो. उघड्या डाव्या हाताखाली गार माती होती. युनूसभाई आता मोठ्यानं बोलायच्या बेतात होते, पलीकडे वहिनी उभ्या राहिल्या होत्या.

मी अंगठा हलवला. पण लगेच नाही, दत्तू.